अंडी पालथी घालायचा वार

रविवारचं अंडं ही दक्षिण ध्रुवाकडच्या ग्रेंजर स्टेशनवर चेष्टेवारी न्यायची गोष्ट नव्हती. आठवड्याचे सहा दिवस भुकटी भिजवून केलेलं पिवळं रबर मुकाट गिळायचं, आणि रविवारी सकाळी माणशी एक खरं अंडं, तव्यावर फोडलेलं, बलक अख्खा. त्या दिवशी बावीसच्या बावीस माणसं न उठवता उठायची. एरवी हीच मंडळी साडेआठ वाजले तरी पांघरुणातून नाक बाहेर काढत नसत. त्यांना दोष तरी काय द्यायचा म्हणा. जूनमध्ये जिथं सूर्यच तोंड दाखवत नाही, तिथं माणसानं उठायचं कुणाच्या भरवशावर?

आता ऑगस्ट अर्धा सरला होता आणि सूर्य पुन्हा कामावर रुजू झाला होता. दुपारी समुद्रावरच्या बर्फावर गुलाबी उजेड पडायचा, लोक खिडकीशी कॉफी घेऊन उभे राहायचे. उजेड वाढत होता तशी थंडीही वाढत होती, उणे तीसच्या खाली. पण उजेड आहे म्हटल्यावर थंडीचं कुणाला काही वाटत नव्हतं. अशा त्या झकास रविवारी डॅरिल इलेक्ट्रिशियन ताटली घेऊन रांगेत पहिला उभा होता. आचारी टेगननं त्याचं अंडं तव्यावर फोडलं आणि दोन पावलं मागे सरकली.

"हे मला नको," डॅरिल नाक दाबून म्हणाला. "हे मर्व्हला दे. त्याला वासाचं काम असतं."

मर्व्ह स्टेशनचा प्लंबर. वय बासष्ट, हा त्याचा दक्षिणेतला पाचवा हिवाळा. बर्फात खोल गरम पाणी सोडून तळं वितळवायचं आणि तेच पाणी उपसून बावीस जणांना प्यायला, धुवायला पुरवायचं, हे त्याचं काम. अंघोळीला माणशी तीन मिनिटं ठरवून देणारा माणूस कुणालाच आवडत नाही, पण मर्व्हचा शब्द स्टेशनवर चालायचा. डॅरिलच्या बोलण्यावर सगळे हसले. मर्व्ह हसला नाही. त्याचं लक्ष टेगनच्या हातांकडे होतं.

तिनं दुसरं अंडं फोडलं. बलक कवचाला चिकटून काळा पडलेला. तिसरं तसंच. दहावं फोडून झाल्यावर तिनं गॅस बंद केला, बादलीत पाणी घेतलं आणि कोठीतून एकेक ट्रे आणून अंडी पाण्यात सोडायला बसली. चांगलं अंडं तळाशी जातं, नासकं तरंगतं. दुपारपर्यंत हिशोब उघड झाला: चौऱ्याहत्तर ट्रे होते, त्यातले पासष्ट गेले. सगळ्यात वरच्या फळीवरचे नऊ तेवढे वाचले. उन्हाळ्यातलं पहिलं जहाज नोव्हेंबरअखेर येणार होतं. तोवर कोंबडीचं तोंड तर सोडाच, चित्रही कुणी बघणार नव्हतं.

अंडी आठ-नऊ महिने टिकतात, पण त्यांची बडदास्त ठेवावी लागते. आधी तेलाचा हात फिरवायचा, थंड कोठीत रचायची, आणि दर शनिवारी प्रत्येक ट्रे पालथा घालायचा. वर रिकामा ट्रे ठेवायचा, दोन्ही घट्ट धरायचे आणि उलटायचे, बस. नाहीतर बलक हळूहळू वर चढतो, कवचाला चिकटतो आणि अंडं आतून मरतं. हे इथं शेंबडं पोरही सांगेल, पोर असतं तर.

म्हणून दुपारच्या जेवणापर्यंत स्टेशनचा निकाल लागून गेला होता: टेगननं अंडी फिरवली नाहीत.

मर्व्हची मात्र मती गुंग झाली होती. कारण अंडी फिरवली होती. त्यानं स्वतः फिरवली होती.

त्याचं असं होतं. एकतीस वर्षांपूर्वी, त्याच्या पहिल्या हिवाळ्यात, अंडी फिरवायचं काम त्याच्याकडे होतं. क्लेमेंट नावाचा म्हातारा आचारी तेव्हा होता, शिव्या फार द्यायचा आणि पाव फार सुरेख करायचा. काळोखाच्या दिवसांत मर्व्हला कंटाळा आला. पाच-सहा शनिवार तो कोठीकडे फिरकलाच नाही, आणि क्लेमेंटनं विचारलं की खुशाल "फिरवली" म्हणायचा. अंडी नासली. विचारणा झाली तेव्हा मर्व्हनं तोंडात मिठाची गुळणी धरली. क्लेमेंटच्या कागदावर 'साठ्याकडे दुर्लक्ष' असा शेरा पडला आणि त्याला पुन्हा कधी दक्षिणेत पाठवलं नाही. नऊ वर्षांपूर्वी तो लॉन्सेस्टनला वारला. मर्व्ह अंत्यविधीला गेला, मागच्या बाकावर बसला आणि तसाच घरी आला.

तेव्हापासून ज्या हिवाळ्यात मर्व्ह, त्या हिवाळ्यात अंडी मर्व्हकडे. आधीचे आचारी खुशीनं देऊन टाकायचे. टेगननं दिली नाहीत. मार्चमध्ये जहाज गेलं त्याच आठवड्यात त्यानं विचारलं होतं, तर म्हणाली, "माझ्या स्वयंपाकघरात मला कुणाची लुडबुड चालत नाही, राग मानू नकोस." राग कसला, मर्व्हला धसकाच बसला. शहरातल्या हॉटेलातून आलेली बाई, पहिलाच हिवाळा, हिला काय ठाऊक अंडी पालथी घालतात ते? मग तो दर शनिवारी चार वाजता, ती अंघोळीला गेली की, गुपचूप कोठीत शिरायचा आणि ट्रे पालथे घालून यायचा. उजवा खांदा दुखरा, त्यामुळे वरच्या फळीपर्यंत हात पोचायचा नाही. ते नऊ ट्रे त्यानं देवाच्या भरवशावर सोडले होते.

आणि नेमके तेच वाचले. ज्याला हात लावला ते नासलं, ज्याला लावला नाही ते टिकलं. अशानं माणसाचा स्वतःवरचा विश्वास उडेल नाहीतर काय.

सोमवारी संध्याकाळी पाच वाजता स्टेशनप्रमुख फिलिपानं सगळ्यांना जेवणघरात बसवलं. फिलिपा आवाज चढवणारी बाई नव्हती, त्यामुळे तिची भीती जास्त वाटायची.

"टेगन, मी फक्त विचारतेय. फिरवत होतीस का?"

"दर शनिवारी. सकाळी दहा वाजता, तुम्ही सगळे कामावर गेलात की. एकही शनिवार चुकला नाही, ताप होता तेव्हासुद्धा."

"वरची फळीपण?"

"सगळ्या फळ्या. शिडी घेऊन."

कुणीतरी खाकरलं. डॅरिल पुटपुटला, "अंडी खोटं बोलत नाहीत बाई."

मर्व्हनं मनातल्या मनात जुळवून पाहिलं. सकाळी दहाला ती पालथी घालत होती आणि दुपारी चारला तो. म्हणजे आठवडाभर अंडी होती तशीच. तिनं फिरवायचं, यानं पुन्हा जागच्या जागी आणून ठेवायचं, असे चोवीस शनिवार. आणि वरच्या फळीला याचा हात पोचला नाही म्हणून ती जगली. टेगनची अंडी टिकली होती, मर्व्हची नासली होती, सरळ हिशोब.

आत्ता बोल, त्यानं स्वतःला सांगितलं. तोंड उघडलंही. पण एकवीस चेहरे समोर होते, डॅरिलचा तर अगदी नाकासमोर. अजून तीन महिने याच भिंतींत काढायचे होते. इथं माणसाला टोपणनाव पडलं की ते जहाजात बसेपर्यंत सुटत नाही.

"मला कुणावर अविश्वास दाखवायचा नाही," फिलिपा म्हणाली, "पण मला अहवालात लिहावं तर लागेल. शुक्रवारी जातोय अहवाल."

टेगननं पुढच्या हिवाळ्यासाठी अर्ज केलेला होता हे सगळ्यांना माहीत होतं. प्रमुखाचा शेरा चांगला नसेल तर अर्ज कोण बघतो. तिनं मान हलवली आणि रात्रीच्या जेवणाचे बटाटे सोलायला निघून गेली. मर्व्ह पाण्याच्या पंपाकडे गेला. पंपाला काही झालं नव्हतं.

मंगळवारपासून वादळ लागलं. वारा असा की इमारत दाढदुखी झाल्यासारखी रात्रंदिवस कण्हत होती. या घरातून त्या घरात जायचं तर मध्ये बांधलेला दोर धरून, दोघांनी मिळून. चार दिवस बहुतेक जण आतच अडकले, पत्ते खेळले, मोजे रफू केले, एकमेकांच्या अंगावर खेकसले आणि पुन्हा पत्ते खेळले. ज्याला हा हिवाळा आवडतो त्याला हेही आवडतं. आणि गुरुवारी भांड्यांची पाळी आली मर्व्हची.

ही पाळी कुणाला चुकत नाही, फिलिपालाही नाही. दिवसभर आचाऱ्याच्या हाताखाली राबायचं, भांडी घासायची, फरशी पुसायची. मोबदला एकच: त्या दिवशी स्वयंपाकघरात गाणी आपल्या पसंतीची. मर्व्हच्या पाळीला बँजो लागायचा आणि माणसं कानाला टोपी ओढून जेवायची. आज त्यानं काहीच लावलं नाही.

टेगन कांदा चिरत होती. दहा वाजेपर्यंत कामापुरतं बोलली, मग स्वतःहून म्हणाली, "बरं नाही का तुला? बँजो कुठाय?"

"नको वाटतोय."

"मग मी बहिरी आहे असं समजून तरी लाव. सुतकी शांतता नको मला इथं." ती हसली. मग चाकू थांबला. "अर्ज मागे घेतेय मी. फिलिपाला उगाच पेच. ती चांगली आहे रे, तिला वाईट लिहायला जड जाईल."

"तुला यायचं नाही का परत?"

"यायचंय की." ती पुन्हा चिरायला लागली. "वीस वर्षं हॉटेलांत काढली मी. रोज चारशे पानं, आणि एकाही जेवणाऱ्याचं तोंड बघितलं नाही. इथं बावीस जण आहेत आणि कुणाला काय आवडतं ते मला पाठ आहे. तुला गोडाच्या भांड्याला धरलेली सायीची कडा लागते. डॅरिलला वाटाणा चालत नाही, तो लाजतो सांगायला. मी इथं झोपते मर्व्ह, पहाटेपर्यंत गाढ. आयुष्यात कधी झोपले नव्हते. पण जाऊ दे. माझ्या हातून काहीतरी चुकलंच असेल. अंडी काय उगाच नासतात?"

ती ते इतक्या साधेपणानं म्हणाली की मर्व्हला हातातली कढई खाली ठेवावी लागली. ही बाई स्वतःवरच शंका घ्यायला लागली होती. क्लेमेंटनं निदान शिव्या तरी दिल्या होत्या.

दुपारी सगळे जेवायला बसल्यावर तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला, खांद्यावर पंचा, हात कोपरापर्यंत ओले.

"ऐका जरा," तो म्हणाला. "अंडी टेगननं नाही नासवली. मी नासवली."

त्यानं पंचाला हात पुसले.

"दर शनिवारी चार वाजता मी कोठीत जाऊन ट्रे पालथे घालत होतो. तिला न विचारता. मला वाटलं तिला माहीतच नाही. ती सकाळी फिरवायची, मी दुपारी परत फिरवायचो. वरच्या फळीला माझा हात पोचत नाही, म्हणून ती फळी वाचली. सोमवारीच कळलं होतं मला, पण बोललो नाही. घाबरलो."

मग डॅरिलनं टेबलावर कपाळ टेकलं आणि त्याचे खांदे हलायला लागले. पाठोपाठ सगळं जेवणघर हसायला लागलं, डोळ्यांतून पाणी येईतो.

"चोवीस शनिवार," डॅरिल धापा टाकत म्हणाला. "अरे, दोन माणसं राबली चोवीस शनिवार, अंडी हलू नयेत म्हणून. त्यापेक्षा दोघांनी झोप काढली असती तर निकाल तोच लागला असता."

"कोंबडीलासुद्धा इतका जीव नसतो लावता येत," दुसरं कुणी म्हणालं, आणि मर्व्हचं बारसं तिथंच झालं. नोव्हेंबरपर्यंत त्याला कुणी मर्व्ह म्हणणार नव्हतं, अंड्यांवरून न उठणाऱ्या कोंबडीसारखं सगळे 'खुडूक' म्हणणार होते. फिलिपा हसत नव्हती, पण तिनं खिशातून वही काढून काहीतरी ठळक खोडलं, ते सगळ्यांनी पाहिलं.

हसणं तो सहन करू शकला. टेगन हसली नव्हती, ते सहन होईना. जेवण झाल्यावर ती मोरीशी त्याच्या शेजारी उभी राहिली आणि भांडी पुसायला लागली, जोरजोरात.

"सहा महिने," ती म्हणाली. "सहा महिने माझ्या हातचं गिळतोयस, 'छान झालंय टेगन, अजून वाढ टेगन'. आणि माझ्या पाठीमागे माझ्या कोठीत शिरत होतास."

"अंड्यांची काळजी वाटली म्हणून..."

"विचारायला काय झालं होतं तोंडाला?"

मग त्यानं तिला क्लेमेंटचं सांगितलं. एकतीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं, आपल्या बायकोलाही नाही. घाणेरड्या पाण्यात हात बुडवून, तिच्याकडे न बघता सांगितलं. मागचा बाकही सांगितला. सांगून झालं तेव्हा पाणी गार पडलं होतं.

"म्हणजे तुला अंड्यांची काळजी नव्हती," ती म्हणाली. "तुला स्वतःवरचा डाग धुवायचा होता, आणि त्यासाठी मला न विचारता मला अडाणी ठरवलंस."

"हो," मर्व्ह म्हणाला. दुसरं काय म्हणणार.

"वाईट केलंस."

"हो."

"सोमवारी गप्प बसलास ते जास्त वाईट."

"ते मला ठाऊक आहे गं."

तिनं कढई पुसून खिळ्याला टांगली. "आज बोललास ते बरं केलंस. पण माझा राग लगेच जाणार नाही, सांगून ठेवते. आणि आता ते नऊ ट्रे माझे. शनिवारी तू कोठीकडे फिरकायचं नाही. दाराला हातसुद्धा लावायचा नाही."

"नाही लावणार."

"बघू," ती म्हणाली. "आणि तो बँजो लाव एकदाचा. पाळी आहे तुझी."

शुक्रवारी अहवाल गेला. फिलिपानं टेगनविषयी काय लिहिलं ते तिनं टेगनला मुद्दाम वाचून दाखवलं, आणि ते ऐकून टेगन कोठीत जाऊन थोडं रडून आली, असं डॅरिल म्हणाला. डॅरिलचं सगळंच खरं धरायचं नसतं, पण त्या रात्री सफरचंदाची मिठाई झाली आणि मर्व्हच्या वाट्याला सायीची कडाही आली, म्हणजे काहीतरी तथ्य असावं.

शनिवारी वादळ थांबलं. बाहेर सगळं धुतल्यासारखं लख्ख, दारांपुढे माणसाच्या उंचीचे बर्फाचे ढीग. सकाळभर मर्व्हनं इतरांबरोबर फावडं मारलं. दहा वाजता त्यानं घड्याळ पाहिलं आणि फावडं जरा जोरात मारलं. जेवला, पाण्याची पातळी मोजून आला. साडेतीनला बैठकीच्या खोलीत येऊन खिडकीपाशी बसला. सूर्य क्षितिजावर टेकायला आला होता, अडकून पडलेले हिमनग गुलाबी झाले होते. एरवी तो या वेळी उठायचा.

फिरवली असतील का तिनं? वादळात कंबर धरली असेल तर? एखादा ट्रे राहिला असेल तर? नुसतं दार उघडून बघायला काय जातंय, हात न लावता. विचार असे एकामागून एक रांग लावून यायला लागले. पावणेचारला त्याचे पाय आपोआप खुर्चीखालून बाहेर आले. त्यानं ते परत आत घेतले.

चार वाजता टेगन समोरून गेली, केस ओले, गळ्यात टॉवेल. आपली तीन मिनिटांची अंघोळ अर्धवट टाकून आली असावी. खोलीत न डोकावता ती पावलं न वाजवता कोठीच्या वाटेला लागली. दोन मिनिटांनी परत आली आणि दारात थबकली. मर्व्ह खुर्चीत ताठ बसलेला, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरलेले, कपाळावर घाम.

"इथं काय करतोयस?" तिनं विचारलं.

"विश्वास ठेवतोय," मर्व्ह म्हणाला. "फार जड जातंय."

टेगननं टॉवेलनं केस पुसत शेजारची खुर्ची ओढली आणि बसली. साडेचारपर्यंत दोघंही उठले नाहीत.